पेटीलाही श्वास लागतो

पावसाळ्यात कोकणातल्या लांज्याच्या बाजारपेठेतून जाताना एखाद्या एलईडी पथदिव्याकडे मान वर करून पाहिलं, तर कधीकधी काचेच्या आतल्या अंगाला थेंब जमलेले दिसतात. दिवा कुठे फुटलेला नसतो, रबरी पट्टी जागेवर असते, स्क्रू घट्ट असतात. तरीही पाणी आत पोचलेलं असतं. असा दिवा पुढे लुकलुकायला लागतो आणि एक दिवस बंद पडतो. एलईडी टिकत नाही, असं म्हणून लोक मोकळे होतात. पण पुष्कळदा दोष एलईडीचा नसतो, ती ज्या पेटीत बसवली त्या पेटीच्या रचनेचा असतो.

ही पेटी म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमचं घर. कारखान्यात तिला हाउसिंग म्हणतात. पथदिवा, मोबाइल टॉवरवरची रेडिओ पेटी, मोटारीतला इंजिन सांभाळणारा संगणक, सौर पंपाचा कंट्रोलर अशा कितीतरी उपकरणांना हे घर लागतं. या पेटीला नुसतं वेष्टन समजणं ही मूळ चूक आहे. आतली उष्णता बाहेर टाकायची, बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि रेडिओलहरींचा गोंगाट दोन्ही बाजूंनी अडवायचा, ही तिन्ही कामं तिचीच.

ती घडवण्याच्या रीतीला डाय-कास्टिंग म्हणतात आणि तिचं मूळ छापखान्यात आहे. शिशाचे खिळे हाताने एकेक ओतण्याऐवजी यंत्राने ओतावेत म्हणून १८४९ साली अमेरिकेत अशा यंत्राचं पेटंट घेतलं गेलं. आपल्याकडेही जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरं स्वतःच्याच ओतशाळेत तयार होत. तीच कल्पना पुढे जस्ताकडे आणि ॲल्युमिनियमकडे गेली. महाराष्ट्रात आज या कामाची मोठी केंद्रं म्हणजे चाकण-पिंपरीचा पट्टा आणि औरंगाबादजवळचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज. देशातल्या मोठ्या ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग कंपन्यांपैकी एक असलेली एन्ड्युरन्स १९८५ साली औरंगाबादेतच सुरू झाली. ती वाढली दुचाकींच्या सुट्या भागांवर.

ओतण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. साडेसहाशे अंशांच्या वर तापलेला रस दट्ट्याने पोलादी साच्यात मारला जातो. साच्याच्या तोंडाशी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो आणि पापणी लवायच्या आत साचा भरलेला असतो. शुद्ध ॲल्युमिनियम इतक्या पातळ फटींत नीट वाहत नाही, म्हणून त्यात दहा-बारा टक्के सिलिकॉन मिसळतात. सगळ्यात जास्त वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे एडीसी-१२. तो बहुतेक भंगारातूनच तयार होतो. गावातल्या भंगारवाल्याने नेलेला जर्मनचा चेपका टोप उद्या दिव्याची पाठ होऊन खांबावर चढू शकतो.

आता रचनेकडे वळू. वाटीत भात दाबून पानात मूद पाडणाऱ्याला या शास्त्राचा पहिला धडा ठाऊक असतो. वाटीच्या कडा बाहेर झुकलेल्या असतात म्हणून मूद अलगद सुटते. सरळ कडांच्या डब्यातून ती तशी सुटायची नाही. ओतीव पेटीच्या प्रत्येक उभ्या भिंतीलाही असाच एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. नाही दिला, तर भाग साच्याला चिकटतो, ओरखडतो, तुटतो.

दुसरा धडा भिंतीच्या जाडीचा. मजबुतीसाठी भिंत जाड करावी, असं नवख्याला वाटतं. पण धातू गोठताना आकसतो आणि जाड जागा सर्वांत शेवटी गोठते, म्हणून तिच्या पोटात पोकळी राहते. त्यात वेगाने शिरलेल्या रसाने हवाही कोंडून आणलेली असते. म्हणून जाणता रचनाकार भिंत सगळीकडे सारखी, दोन-तीन मिलिमीटरची ठेवतो आणि ताकद आणतो ती आतून काढलेल्या बारीक फासळ्यांनी. ओतीव भागाची वरची कातडी दाट असते, भोकं असतात ती खाली. रबरी पट्टी बसायची जागा सपाट करण्यासाठी यंत्रावर जास्त घासली, की ती कातडी जाते, भोकं उघडी पडतात आणि पाण्याला धातूतूनच वाट मिळते. एवढीशी गोष्ट, पण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

एलईडी गार असते, हा समजही सोडायला हवा. जुन्या बल्बइतकी ती तापत नाही, हे खरं. पण तिने घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास वीज उष्णताच होते आणि ती उष्णता पेटीच्या पाठीतूनच बाहेर जाऊ शकते. एडीसी-१२ मधून उष्णता शुद्ध ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी वाहते, तरी साध्या प्लास्टिकच्या मानाने ती शेकडो पट जास्त. म्हणून पाठीवर पाती काढतात. पाती जितकी दाट तितका गारवा जास्त, असं मात्र नाही. पंखा नसतो तिथे हवा आपोआप वर चढते, आणि दाट पात्यांमध्ये ती अडकून पडते. कोकणात त्या फटींत आंब्याची पानं बसतात, कोळी जाळी विणतात, शेवाळ धरतं. लांज्यासाठी पाती विरळ हवीत, उभी हवीत आणि पाणी वाहून जाईल अशी हवीत. आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा रंगवलेली पेटी जास्त थंड राहते, कारण रंगाचा थर उष्णतेचं प्रारण कितीतरी अधिक करतो.

मग ते काचेआडचे थेंब आले कुठून? पेटीने श्वास घेतला म्हणून. पेटलेल्या दिव्यातली हवा साठ अंशांवर आहे असं धरू. अचानक सर आली आणि पेटी पंचवीस अंशांवर उतरली. आतली हवा आकसते, दाब सुमारे दहा टक्क्यांनी पडतो. म्हणजे बाहेरून जवळजवळ एक मीटर पाण्याखाली बुडवल्याइतका रेटा आणि आतून तेवढीच ओढ. केसाएवढी फट पुरते. कधी पाणी वायरच्या तारांमधल्या पोकळीतून आत ओढलं जातं. लांज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मधूनमधून ऊन, पुन्हा सर. दिवसाकाठी पेटीचा असा श्वास कितीदा तरी होतो.

पेटीवर आयपी ६६, आयपी ६७ असे आकडे असतात. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६६ म्हणजे जोरदार फवारा सोसणारी, ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. पण ही चाचणी नव्याकोऱ्या पेटीची असते. चार पावसाळ्यांच्या ताप-गारव्याने कडक झालेल्या पट्टीबद्दल ती काही सांगत नाही. उपाय पट्टी आणखी आवळण्याचा नाही. पेटीला श्वासाची रीतसर वाट द्यायची. टेफ्लॉन ताणून केलेल्या सच्छिद्र पडद्याचं छोटं बूच खालच्या बाजूला बसवतात. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. ताणलेल्या टेफ्लॉनचा हा गुण रॉबर्ट गोर यांच्या हाती १९६९ साली अमेरिकेत लागला. पावसाळी जॅकेटात वापरतात तोच हा पडदा.

समुद्राकडे उतरलं की मीठ येतं. मिरकरवाडा बंदरावरच्या दिव्यात स्टेनलेस स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की विजेचा लहानसा घट तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. एडीसी-१२ मधलं दोन-तीन टक्के तांबं ही झीज वाढवतं. म्हणून किनाऱ्यासाठी एलएम-६ सारखा जवळजवळ बिनतांब्याचा मिश्रधातू घ्यावा, स्क्रूखाली प्लास्टिकची चकती द्यावी आणि रंगाआधी धातूवर रासायनिक थर चढवून घ्यावा.

२०१५ च्या जानेवारीत एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर हे दिवे गावोगाव पोचले. खरेदीच्या कागदावर मात्र ठळकपणे दिसतो तो वॉटचा आकडा आणि किंमत. कोकणातल्या नगरपंचायतींनी आणि ग्रामपंचायतींनी त्याच्याखाली चार गोष्टी लिहून मागाव्यात: पेटीच्या मिश्रधातूचं नाव, पाठीवरच्या पात्यांची दिशा, श्वासाचं बूच आणि वायर आत शिरते तिथली बंदिस्ती. आणि दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, शिडी लावून पात्यांमधला पाचोळा काढून घ्यावा.