वेलांटी कुठे गेली?

कायमचे बिघडलेले यंत्र एक वेळ परवडले, पण अधूनमधून बिघडणारे नको! कायम बिघडलेल्या यंत्राला सगळे घर मिळून नावे ठेवते. अधूनमधून बिघडणाऱ्याची गोष्ट निराळी. दाखवायला जावे तर ते शहाण्यासारखे चालते, आणि मग दोष येतो तो तक्रार करणाऱ्याच्या माथी.

आमच्या मामंजींच्या माथी तो असाच आला. त्यांचे वय 81. आम्ही सावेडीला राहतो. सकाळी सहाला वायफायचे बटण दाबायचे, लगेच कॉम्प्युटर लावायचा, अक्षर दुप्पट मोठे करायचे आणि चहा येईपर्यंत गावच्या बातम्या वाचून काढायच्या, हा त्यांचा नेम. हा कॉम्प्युटर एका बंद झालेल्या छपाईच्या दुकानातून स्वस्तात आणलेला. पडदा मोठा, म्हणून मामंजींच्या पसंतीचा.

पावसाळ्याच्या सुमारास ते म्हणू लागले, "नगरचे नवे नाव मला धड दिसत नाही. जुने दिसते."

आता 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, हे सर्वांना ठाऊकच आहे. शेजारचे काका हसून म्हणाले, "दादा, होईल हळूहळू सवय!" हेही म्हणाले, "अप्पा, आता नाव बदलले ते बदलले." मामंजी चिडले. "अरे, नावाबद्दल माझी तक्रारच नाही. अक्षर मोडते आहे!" पण मी पदर सावरून बघायला जाईपर्यंत त्यांनी पुढचे पान उघडलेले असे, आणि तिथे अक्षर कसे स्वच्छ!

मार्चमध्ये त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि डोळा उत्तम असल्याचे सांगितले. त्यामुळे तर अधिकच पंचाईत झाली. डोळा ठीक, कॉम्प्युटर ठीक. मग उरले काय? तोंडाने कोणी बोलले नाही, पण घरातली माणसे त्यांच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली. मामंजींनी ते ओळखले. एके दिवशी बँकेचे पासबुक ह्यांच्या हाती देऊन त्यांनी सकाळचे वाचन बंद केले.

मला एक गोष्ट खटकत होती. भासच व्हायचा, तर तो एकाच नावाच्या बाबतीत का व्हावा? मी दोन्ही नावे कागदावर लिहिली. अहमदनगर: सात अक्षरे, पण त्यांत ना काना, ना मात्रा, ना वेलांटी, ना जोडाक्षर. अहिल्यानगरात मात्र वेलांटी आहे, काना आहे, ल्य हे जोडाक्षर आहे. मोडायला जागा आहे ती नव्या नावातच!

मी मामंजींपुढे पेन्सिल ठेवली आणि विचारले, "मोडते म्हणजे नेमके कसे, ते काढून दाखवता?" इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. त्यांनी काढले: ह मोकळा, त्याची वेलांटी पुढे जाऊन ल च्या डोक्यावर बसलेली, ल चा पाय मोडलेला, आणि य त्याच्यापासून दूर.

या चित्रातच सगळे उत्तर होते. ते कसे, हे कळण्यासाठी थोडे छापखान्यात जावे लागेल. छापील मराठी अक्षराशी आमच्या नगरचे नाते जुने. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये इथूनच सुरू झाले. शिशाचे खिळे जुळवून छपाई होई तेव्हा 'हि' जुळवताना जुळारी वेलांटीचा खिळा आधी ठेवी आणि ह चा नंतर. कॉम्प्युटरच्या पोटात क्रम उलटा असतो. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत प्रत्येक अक्षराला, काना-वेलांटीला, इतकेच काय, पाय मोडण्याच्या खुणेलाही स्वतंत्र क्रमांक मिळाला. देवनागरीच्या वाट्याला 128 घरे आली. हे क्रमांक उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी ह, मग वेलांटी. अहिल्यानगर म्हणजे असे दहा क्रमांक.

वेलांटी ह च्या आधी नेणे, ल अर्धा करून य ला चिकटवणे, हे जुळाऱ्याचे काम आता ब्राउझर करतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हार्फबझ नावाचा प्रोग्राम ते करतो. मात्र देवनागरीचे जोडनियम फॉन्टमध्ये भरलेले असावे लागतात. ते नसले, तर दहाही चिन्हे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक उभी राहतात. म्हणजे हुबेहूब मामंजींचे चित्र!

मग मी वहीच घातली. मामंजींना पुन्हा वाचायला बसवले आणि अक्षर मोडले की त्याच क्षणी मोबाइलने पडद्याचा फोटो काढायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी फोटो मिळाला. डोळे निर्दोष सुटले! मोडलेला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला, तर तो नीट दिसला; म्हणजे क्रमांक बरोबर होते, चूक फक्त वेशात होती. आठ दिवसांच्या नोंदींतून कळले की अक्षर मोडते ते सकाळच्या पहिल्याच पानावर.

माझी धाकटी कॉलेजात जाते. तिने पुढचे उलगडले. त्या पानाचा स्वतःचा फॉन्ट इंटरनेटवरून येतो. तो सुमारे 3 सेकंदांत आला नाही, तर ते पान कॉम्प्युटरमधला पर्यायी फॉन्ट घेऊन बसते आणि मागाहून आलेला फॉन्ट पुढच्या पानाला मिळतो. ब्राउझर बंद होताच साठवण पुसण्याची सोय आमच्याकडे आधीपासूनच चालू होती, त्यामुळे फॉन्ट रोज नव्याने यायचा. आणि सहाला नुकतेच लावलेले वायफाय रेंगाळायचे. पानाने पर्यायी म्हणून ज्या फॉन्टचे नाव दिले होते, त्याच नावाची एक जुनी, जोडनियम नसलेली प्रत छपाईच्या दुकानापासून आमच्या कॉम्प्युटरात मुक्कामाला होती.

खात्री कशी करावी? दुपारी चारला सगळ्यांना बोलावले. ब्राउझर बंद केला, वायफाय बंद करून लावले आणि जोडणी होताच पान उघडले. सर्वांसमक्ष वेलांटी ल च्या डोक्यावर! ब्राउझरच्या तपासणीच्या चौकटीत वापरलेल्या फॉन्टचे नावही दिसले. ती जुनी प्रत काढून टाकली आणि हाच प्रयोग दहा वेळा केला. फॉन्टला उशीर अजूनही होतो, पण त्याच्या जागी उभा राहणारा आता जोडाक्षर जाणतो.

ह्यांनी पासबुक न बोलता मामंजींच्या टेबलावर ठेवले. मामंजींनी ते उघडून आधी मधल्या महिन्यांचा हिशेब तपासला!

वाचकांच्या घरी असे काही घडले, तर थोड्या खुणा सांगते. अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर फॉन्टमध्ये ती अक्षरेच नाहीत. वेलांटीला ठिपक्यांचे वर्तुळ चिकटले, तर बहुधा तिच्या मागचे अक्षर टंकताना गळले आहे. सगळे पान परक्या खुणांनी भरले, तर क्रमांकांची पद्धत ब्राउझरने चुकीची ओळखली आहे. पान सरकवताना अक्षरे फाटत असतील, तर ब्राउझरमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. मात्र कुठलेही बटण दाबण्यापूर्वी फोटो काढावा आणि वेळ लिहून ठेवावी. "कधीकधी होते" एवढ्यावर थांबू नये. केव्हा होते आणि नेमके कसे दिसते, हे ज्याला दिसते त्यालाच विचारावे, मग त्याचे वय 8 असो की 81.