टॉर्चला लोकेशन कशाला? मोबाईलमधील सेन्सर आणि आपली परवानगी



"सर, टॉर्चच्या ॲपला आपलं लोकेशन कशाला पाहिजे?" गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला. आईच्या मोबाईलवर त्याने टॉर्चचं ॲप घेतलं होतं. प्रश्न साधा आहे, पण मोठी माणसंही तो विचारत नाहीत. "अनुमती द्या" दिसलं की बोट दाबून मोकळे होतात!

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आता हा कोड स्कॅन करायचा तर ॲपला कॅमेरा द्यावाच लागतो. म्हणजे परवानगी देणं चुकीचं नाही. फक्त देताना तीन प्रश्न विचारायचे: कोणाला? कशासाठी? किती वेळ?

बऱ्याच घरांत एकच फोन असतो. त्यावरच मुलांचा अभ्यास, त्यावरच आईचे बँकेचे व्यवहार. म्हणून हे प्रश्न महत्त्वाचे.

सेन्सर म्हणजे काय?

सेन्सर म्हणजे फोनची ज्ञानेंद्रियं. कॅमेरा हा डोळा, माइक हा कान. यांच्यासाठी ॲपला आपल्याला विचारावं लागतं. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ॲप वापरताना अशी परवानगी मागण्याची पद्धत आली.

पण फोनमध्ये आणखीही सेन्सर असतात. ॲक्सेलरोमीटर फोनचा वेग कसा बदलतो ते ओळखतो, जायरोस्कोप फोन कसा वळला ते सांगतो. फोन आडवा केला की चित्रही आडवं होतं ना? ती यांचीच कमाल. गंमत अशी की, साध्या अँड्रॉइड फोनवर हे दोन सेन्सर वापरायला ॲपला आपली परवानगी सहसा लागतच नाही.

मग बिघडलं कुठे?

पडद्यावर प्रत्येक आकडा वेगळ्या जागी असतो. बोट दाबलं की फोन किंचित हलतो, आणि प्रत्येक जागी थोडा वेगळा हलतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी फक्त या हालचालीवरून आकड्यांच्या कीबोर्डवर दाबलेले ७० टक्क्यांहून अधिक आकडे बरोबर ओळखून दाखवले. हा प्रयोग होता. प्रत्येक ॲप असं करतं, असा त्याचा अर्थ नाही. पण आपण पिनही आकड्यांनीच टाकतो, हे विसरू नका.

गोपनीयता जपणारा फोन काय वेगळं करतो?

ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारित प्रणाली गुगलच्या पिक्सेल फोनवर चालते. तिच्यात "सेन्सर्स" नावाची वेगळी परवानगी आहे. एखाद्या ॲपची ही परवानगी काढली की त्याला हालचालीची खरी माहिती मिळत नाही, वाचायला गेलं तर शून्य हाती लागतं. ॲपने प्रयत्न केला तर फोन आपल्याला सूचनाही देतो. मात्र जुनी ॲप्स अडू नयेत म्हणून ही परवानगी सुरुवातीला चालूच असते. ती आपण बंद करायची. होकायंत्र किंवा फोन तिरका करून खेळायचा खेळ असेल, तर त्याच ॲपपुरती चालू ठेवायची.

आपल्या साध्या फोनवर काय करता येईल?

१. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ॲपचं नाव, मग परवानग्या उघडा. (कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात.)

२. लोकेशन, कॅमेरा आणि माइक यांना "ॲप वापरताना" किंवा "फक्त या वेळी" एवढीच मुभा द्या. टॉर्चला लोकेशन अजिबात नको.

३. क्रोममध्ये साइट सेटिंग्ज उघडून मोशन सेन्सर बंद करा. मग वेबसाइटला हालचाल कळणार नाही.

४. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण काही करत नसताना ती दिसली, तर कोणतं ॲप वापरतंय ते लगेच पाहा.

५. न लागणारं ॲप काढून टाका. टॉर्च तर फोनमध्ये आधीपासूनच असतो!

हालचालीच्या सेन्सरसाठी ॲपनिहाय बटण साध्या फोनवर मिळत नाही. म्हणून पाचवा उपाय सर्वांत भक्कम. जे ॲप फोनमध्येच नाही, ते काही वाचूही शकत नाही.

हा आपला हक्क आहे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर हा निकाल आला. म्हणजे "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्नच चुकीचा. घराला दार असतं ते चोरी लपवायला नाही, आपलं घर आपलं राहावं म्हणून.

घरचा उपक्रम

आज संध्याकाळी आई-वडिलांसोबत बसून घरच्या फोनमधली पाच ॲप्स तपासा. वहीत तीन रकाने करा: ॲपचं नाव, मागितलेली परवानगी, ती खरंच लागते का? जिथे "नाही" लिहाल, तिथली परवानगी घरच्यांना विचारून बंद करा आणि ॲप तरीही चालतं का ते पाहा. बहुतेक वेळा चालतंच. टॉर्चचंच बघा ना, लोकेशन बंद केल्यावरही उजेड तेवढाच पडला!