मोठे मत्स्यालय : काचेआधी पाइपांचा हिशेब

उल्हासनगरच्या बंगल्यांत आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या संकुलांत दिवाणखान्यात मोठे मत्स्यालय हवे असणारी गिऱ्हाइके आता भेटतात. हे काम काच कारागीर, सुतार किंवा फॅब्रिकेटर, प्लंबर आणि वायरमन अशा चौघांचे आहे. पण बहुतेक ठिकाणी प्रत्येकजण आपापला तुकडा करून निघून जातो. पुढे पाणी गळले की दोष कोणाचा, हा वाद उरतो. सगळा आराखडा एकाने करून जबाबदारी घेतली तर गिऱ्हाईक समाधानी राहील आणि कारागिरालाही चार पैसे जास्त मिळतील, असे आमचे मत आहे.

पहिला हिशेब वजनाचा. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. १२ मिलिमीटर काचेचे सव्वाशे किलो, शिवाय वाळू, दगड, स्टँड आणि खालची गाळण टाकी धरली तर आकडा एक टनाच्या घरात जातो. घरातील स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढतात. इथे तो चौपटीहून जास्त होतो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. म्हणून जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर असे काम आले तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय बयाणा घेऊ नये. नवी इमारत असली तरी टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता बीमजवळ, भिंतीलगत ठेवावी.

दुसरा हिशेब गाळणीचा. मोठ्या टाकीला आत लटकवायचा छोटा फिल्टर पुरत नाही. टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा करावा. वरचे पाणी त्यात सांडून पाइपने खालच्या संपमध्ये उतरते. तिथे आधी स्पंज कचरा अडवतो, मग सिरॅमिक रिंगांवर वाढलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करतात. शेवटच्या कप्प्यातील पंप पाणी वर पाठवतो. तासाला टाकीच्या चौपट, म्हणजे सुमारे २,७०० लिटर पाणी फिरावे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट चढवताना तो बराच घटतो, म्हणून उंचीनुसार दिलेला तक्ता पाहूनच पंप घ्यावा.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला की परतीच्या पाइपातून पाणी उलटे खाली येऊ लागते. ६ बाय २ फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. दोन इंच उतरले तर ५६. संप ३ बाय दीड फुटाचा असेल तर त्यातील पातळी त्यामुळे पाच इंचांहून जास्त वाढते. दीड फूट उंचीच्या संपमध्ये पाणी ११ इंचांवर का ठेवू नये, ते यावरून कळेल. परतीच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली एक इंचापेक्षा खोल नेऊ नये. केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये. शेवाळ बसले की तो अडकतो.

उतरता पाइप दीड इंची यूपीव्हीसीचा घ्यावा आणि तसाच दुसरा थोडा उंच तोंडाचा जोडीला द्यावा. पहिला तुंबला तर दुसरा घर वाचवतो. दोन-तीनशे रुपये वाचवायला हा दुसरा पाइप गाळणे म्हणजे गिऱ्हाइकाशी खोटेपणा आहे. पंपाजवळ युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह द्यावा, म्हणजे साफसफाईला पाइप कापावा लागत नाही. जीआय पाइप आणि पितळी जोड इथे चालत नाहीत; त्यांतील जस्त आणि तांबे पाण्यात उतरून मासे मारतात. टाकी भरून दोन दिवस कारखान्यातच ठेवावी, मगच पोहोचवावी.

आपल्याकडे पाणीकपात नवी नाही. दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी बदलावे लागते. त्यासाठी २०० लिटरचा ड्रम आधीच आराखड्यात धरावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. पाणी उघड्यावर २४ तास ठेवावे किंवा क्लोरीन काढणारे औषध घालावे. काढलेले पाणी मोरीत न सोडता झाडांना द्यावे. खतही मिळते आणि इस्राफही टळतो. वीज जाण्याच्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप आणि शॉकपासून बचावासाठी आरसीसीबी सांगायला विसरू नये.

शेवटी, नवी गाळण तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे सोडा, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावे. गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने बरेचजण गप्प बसतात आणि मग मासे मेले की आपलेच नाव खराब होते. कुरआनात माप-तोलात खोट करणाऱ्यांबद्दल 'अल-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे. आमच्या मते पातळ काच, लहान पाइप आणि दडवलेली माहिती हीदेखील मापातली खोटच होय. गिऱ्हाइकाचे घर ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे, हे धरून काम केले तर पुढची ऑर्डर शोधत फिरावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.