परवाना राहतो कोठे?

संगणक मंदावला, त्यात व्हायरस शिरला, की जाणकार मंडळी सल्ला देतात : सारे पुसून विंडोज नव्याने घाला. सल्ला वाजवीच असतो. परंतु काम आटोपल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' अशी सूचना उमटते आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क उरला की नाही, अशी शंका मनात येते.

आमच्याच घरी असा प्रसंग आला. दुरुस्तीहून परतलेला लॅपटॉप परवाना मागू लागला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी नवा परवाना विकत घेण्यास सुचविले. पैसे देण्यापूर्वी आम्ही थोडी चौकशी केली. तीत जे उमगले ते येथे सांगतो.

सक्रिय करण्याची ही पद्धत घरगुती ग्राहकांना लागू झाली ती २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून. तेव्हा २५ अक्षर-अंकांची प्रॉडक्ट की यंत्रावरील चिठ्ठीवर छापलेली असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून लॅपटॉपचे कारखानदार ती की मदरबोर्डवरच नोंदवून ठेवू लागले. पुढे २०१५ च्या विंडोज १० पासून यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या दप्तरीही राहू लागली. हाच डिजिटल परवाना. शेत पुन्हा नांगरले म्हणून सातबाऱ्यावरील नाव जात नाही. तद्वत डिस्क पुसल्याने हा हक्क बुडत नाही.

मग अडते कोठे? पुष्कळदा आवृत्तीपाशी. आमचा परवाना 'होम'चा, आणि घातले होते 'प्रो'! पुन्हा 'होम' घातले, की विचारली तेव्हा 'माझ्याजवळ की नाही' हा पर्याय निवडला आणि इंटरनेट जोडले. परवाना आपोआप लागू झाला. एक पैसाही पडला नाही.

मदरबोर्ड बदलल्यास मात्र गोष्ट निराळी. सातबाऱ्यातले शेतच बदलले म्हणावयाचे! अशा वेळी परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर सेटिंग्जमधील 'ट्रबलशूट' उघडून त्याच खात्याने प्रवेश करावा व यंत्राचे भाग बदलल्याचे कळवावे. एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, की लॅपटॉपबरोबर आलेला परवाना दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला नेता येतो.

तेव्हा लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या : आवृत्तीचे नाव कागदावर टिपावे आणि परवाना खात्याशी जोडून ठेवावा. आपल्याच वस्तूचे पैसे दुसऱ्यांदा मोजण्याचा प्रसंग मग सहसा येणार नाही.