चार मोहरी आणि सहावी खेळी

पटावर अवघी चार मोहरी उरली आहेत. पांढऱ्याचा राजा बी ६ या घरात, प्यादे सी ६ वर. काळ्याचा राजा ए १ च्या कोपऱ्यात आणि हत्ती डी ५ वर. खेळी पांढऱ्याची असून त्याने जिंकायचे आहे. हत्तीसमोर एकटे प्यादे जिंकणार कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. बुद्धिबळाच्या अंतिम पर्वातील या सर्वात प्रसिद्ध कोड्याने एकेकाळी जाणकारांनाही चकवले होते.

पहिली खेळी उघड आहे. प्यादे सी ७ वर सरकते. आणखी एक घर चालले की त्याचा वजीर होणार. हत्तीला आता प्याद्यासमोर जाऊन उभे राहण्यास वेळ नाही, म्हणून तो डी ६ वरून शह देतो. खरी परीक्षा येथे सुरू होते. राजा प्याद्याच्या शेजारी, सातव्या पट्टीत गेला, तर हत्ती डी ७ वर येऊन प्याद्याला जखडतो आणि मग मारतो. ए ५ वर गेला, तर हत्ती सी ६ वर प्याद्याच्या मागे येतो. सी ५ वर गेला, तर हत्ती थेट डी १ वर उतरतो. वजीर होताच सी १ वरून शह बसतो आणि राजामागे उभा असलेला नवा वजीर हातचा जातो. उरते एकच घर, बी ५.

पुढचा प्रवास जिना उतरण्यासारखा आहे. हत्ती डी ५, डी ४, डी ३ असे शह देत खाली येतो आणि राजा बी ४, बी ३ असा उतरत अखेर सी २ वर पोहोचतो. आता डी १ हे घर राजाच्या ताब्यात असल्याने मागून शह देण्याची युक्ती संपली. काळ्याने डाव सोडावा, असेच कोणालाही वाटेल. पण हत्ती शांतपणे डी ४ वर जातो. पांढऱ्याने सहाव्या खेळीला हौसेने वजीर केला की हत्ती सी ४ वर शह देतो. वजिराने हत्ती मारला, तर कोपऱ्यातील राजाला शहही नाही आणि चालही नाही. अशा स्थितीत डाव बरोबरीत सुटतो!

ग्लासगोच्या ‘वीकली सिटिझन’मध्ये बुद्धिबळाचे सदर लिहिणाऱ्या जॉर्ज बार्बिये यांनी १८९५ मध्ये ही युक्ती छापली, ती ‘काळ्याची खेळी, बरोबरी’ असे सांगूनच. १८७५ मध्ये फेंटन आणि पॉटर यांच्यात झालेल्या एका डावाच्या आठवणीवरून त्यांनी ही स्थिती रचली होती. ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो सावेद्रा यांना मात्र ही बरोबरी मान्य झाली नाही. बुद्धिबळात त्यांचे नाव टिकले, ते या एकाच खेळीमुळे.

त्यांनी सुचवले, प्याद्याचा वजीर करू नका, हत्ती करा! आता काळ्याने सी ४ वर शह दिला आणि हत्तीने हत्ती मारला, तरी राजाला ए २ हे घर मोकळे राहते. म्हणजे बरोबरी नाही. शिवाय ए ८ वरून मात करण्याची धमकी आहेच. ती टाळण्यासाठी काळा हत्ती ए ४ वर येतो. त्यावर पांढरा राजा बी ३ वर सरकतो. या एकाच चालीत हत्तीवर हल्ला आहे आणि सी १ वरून मात करण्याची तयारीही. दोन्ही संकटे एकदम टाळणारी चाल काळ्याकडे नाही.

मोहरी मोजणाऱ्याला हे उत्तर सापडत नाही, कारण वजिरापेक्षा हत्ती दुबळा, हे आपण पहिल्या दिवशीच शिकलेलो असतो. अशी कोडी सोडवताना ‘मी काय करू’ याआधी ‘समोरच्याला काय हवे आहे’ हे विचारावे लागते. काळ्याला येथे वजीरच हवा होता. वाचकांनी पट मांडावा आणि डी ४ वरील हत्तीच्या जागी स्वतः बसून पाहावे.