कावीळ झाली होती, म्हणे

दारूपायी गेलेल्या माणसाची चौकशी केली, की घरचे ‘कावीळ झाली होती’ एवढंच सांगून गप्प होतात. ते खोटं नसतं. यकृत निकामी होत आलं की डोळे पिवळे पडतात, पोटात पाणी होतं. मात्र कावीळ कशाने झाली, हे कोणी बोलत नाही.

पालघर जिल्ह्यात खोडाळ्याच्या बाजूला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, हा गुंता जास्त अवघड आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळतात. बायापोरं ती पहाटे वेचून अंगणात वाळवतात. काही पोटात जातात, काही भट्टीवर चढतात. इथल्या वारली आदिवासींत लग्न धवलेरी ही पुरोहित स्त्री लावते, मृत्यूनंतरचे विधी कामडी करतो आणि देवापितरांना दारूची धार सोडायची रीत जुनी आहे. म्हणजे दारूने नेलेल्याची आठवण काढतानाही दारू समोर असतेच.

सणाला पिणं ही रीत. सकाळी हात थरथरतात म्हणून पिणं हा आजार. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. तरीही घरोघरी या आजाराचा हिशेब स्वभावाच्या खात्यावर मांडला जातो. माणूस गेल्यावर तोच हिशेब बायकोकडे वळतो: तिने अडवलं का नाही?

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. तिथे उपचार पिणाऱ्यापुरते ठेवले नाहीत. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अमेरिकेत १९५१ साली उभा राहिलेला ‘अल-अ‍ॅनॉन’ही हेच सांगतो, की घरच्यांनी हे व्यसन लावलं नाही, ते त्यांच्या ताब्यात नव्हतं आणि ते बरं करणंही त्यांच्या हातात नव्हतं. ‘त्या रात्री दार उघडलं असतं तर’ म्हणत बसलेल्या बाईला हे कोणीतरी सांगावं लागतं.

मुलांना तर कारण कळायलाच हवं, कारण व्यसनाचा धोका काही अंशी रक्तातून येतो. बाप तारपा छान वाजवायचा हे सांगावं आणि दारूच्या आजाराने गेला हेही त्याच दमात सांगावं. घरात आणखी कोणी त्या वाटेवर असेल, तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरचेही करू शकतात.