अकरावा थर

बावीचे चिरे मोजल्याशिवाय मेमधला माझा दिवस सुरू होत नाही. पहाटे पाचला, पाहुण्यांच्या आंघोळी सुरू व्हायच्या आत, बॅटरी घेऊन काठावरून वाकायचं आणि पाण्याच्या वर जांभ्याचे किती थर उघडे पडलेत ते बघायचं. होळीला आठ होते, मेच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा. बारावा दिसला की पंप बंद आणि टँकरवाल्याला फोन, हा सासूबाईंचा नियम. घरात पंप यायच्या कितीतरी आधीपासून त्या या बावीचं पाणी पितायत.

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. परीक्षा संपल्या की या पट्टीवर गाड्यांची रांग लागते. आमच्या पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांना आणि आम्ही मागच्या पडवीत. त्यात मुंबईचे चाकरमानीही याच महिन्यात गावाला येतात. नणंदेला ‘खोली रिकामी नाही’ कसं सांगायचं, हे अजून मला जमलेलं नाही. ती मुलाबाळांसह खळ्यात झोपते आणि सकाळी भाकऱ्या थापायला बसते, म्हणून निभतं.

सगळ्यांना वाटतं, सीझनमधलं खरं काम स्वयंपाकाचं. असतंही. सहाला मासेवाली येते. “वयनी, सुरमय नाय गावली. बांगडे घेवा, ताजे आसत.” थाळीत सुरमई हवी म्हणून दहा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला बांगडा वाढताना शब्द जपून वापरावे लागतात. मग घावणे, सोलकढी, चादरी, पुन्हा चादरी. हे सगळं माणसं वाढवून उरकतं. पाण्याचं तसं नाही.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुळणीत मुरलेलं ते गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. पुस्तकी हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली ते चाळीस फूट असतं. ऐकून श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरचं एक फूट कमी झालं, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला निघतं. म्हणून पंप अर्धा तास चालवायचा आणि दोन तास गप्प ठेवायचा.

गेल्या मेमध्ये एका खोलीतला नळ रात्रभर वाहत राहिला. सकाळी टाकी कोरडी, तिन्ही खोल्यांत आंघोळीची घाई, तेव्हा नवऱ्याने पंप सलग तीन तास चालवला. टाकी भरली. दहाच्या चहाचा घोट सासूबाईंनी घेतला आणि कप खाली ठेवला. “बावीक दम घेवक दिलंस नाय रे.” मला त्या चहात काही कळलं नव्हतं. दुपारी भाताच्या पेजेत कळलं. पाणी मचूळ झालं होतं. पुढचे आठ दिवस प्यायचं पाणी विकत, आणि नळ कुणाच्या हातून उघडा राहिला ते विचारायचीही सोय नाही. पाहुण्याला कसं विचारणार?

गंमत अशी की तेच पाहुणे आदल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघून आले होते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे समुद्र आणि मधे गोडं पाणी, याचं त्यांना केवढं नवल! रात्री जेवताना त्याच गप्पा. आमच्या आवारातही तसलीच एक बाव आहे, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिला नाव नाही आणि ती बघायला तिकीटही नाही.

सगळ्यांत जास्त पाणी जातं ते वाळूपायी. समुद्रावरून आलेलं माणूस केसांपासून टाचांपर्यंत वाळू घेऊन येतं आणि ती निघेपर्यंत शॉवरखालून हलत नाही. न्हाणीघरात पाटी लावून पाहिली. ती कुणी वाचली नाही.

२५ मे नंतर किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जूनपासून मासेमारीही. खोल्या रिकाम्या होऊ लागतात. मी मात्र पाऊस चांगला लागेपर्यंत चिरे मोजत राहते. दोन-चार सरींनी पातळी हलत नाही. वाळू आधी स्वतः पिते.

पुढच्या मेमध्ये आमच्याकडे आलात, तर खळ्याच्या तोंडाशी पाणी भरलेलं एक पसरट घमेलं दिसेल. आत येण्याआधी पाय त्यात बुडवा. ते पाणी संध्याकाळी माडाला घालायचं असतं, तेव्हा साबण तेवढा लावू नका.